उक्त्यात गेलेला आवाज

‘सर्व माध्यमांत, संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी.’ कार्टूनला आवाज देणाऱ्याकडून ज्या कागदावर सही घेतात, त्यात या अर्थाचे एक कलम हमखास असते. सही बहुतेकदा काम आटोपल्यावर होते, बॅग खांद्याला लावून, पुढचा आर्टिस्ट दारात उभा असताना. वाचायला वेळ नसतो आणि वाचून फरकही पडणार नसतो, कारण कलम खोडा म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी फोन येत नाही. विश्वाचे हक्क असे लिहून दिल्यावर माणूस अंधेरीहून मेट्रोने घाटकोपरला येतो आणि ठाण्याच्या गाडीत चौथी सीट तरी मिळते का ते बघतो.

माझे म्हणणे असे की कार्टूनचा आवाज हा अभिनय आहे, उक्त्यात उचलायचा माल नव्हे. ज्याचा आवाज घेतला त्याचे नाव पडद्यावर, वाचता येईल इतका वेळ, दिसले पाहिजे. तोच आवाज पुढे दुसऱ्या कामाला वापरायचा असेल, त्यातही यंत्राला शिकवायला, तर त्याची वेगळी परवानगी आणि वेगळे पैसे हवेत. पहिली मागणी ऐकून लोक हसतात. ‘ताई, नावाचं काय घेऊन बसलात, पैशाचं बोला!’ मी मुद्दाम नावापासून सुरू करते, कारण आपल्याकडे पैसा आणि हक्क दोन्ही नावाच्या मागून चालत येतात. कसे ते पुढे सांगते.

आधी हे काम काय असते ते. ठाण्यातली जी मुले-मुली या क्षेत्रात गेलेली मी पाहिली, त्यांची वाट थोड्याफार फरकाने सारखी आहे. शाळेतले नाट्यवाचन, उन्हाळी शिबिर, कॉलेजच्या एकांकिका, तलावपाळीवर रात्री उशिरापर्यंत चाललेल्या गप्पा. मग कुणीतरी सांगते की अंधेरीला एका स्टुडिओत क्राउडसाठी माणसे हवीत. क्राउड म्हणजे बाजारातला गलका, वर्गातला गोंगाट, ‘पळा पळा’ ओरडणारी गर्दी. त्यात वर्ष-दोन वर्षे काढली की दुकानदार, पोलीस, दुसऱ्या मुलाची आई अशी दोन-चार वाक्यांची कामे मिळतात. रेकॉर्डिस्टला तुमची वेळ आवडली, डबिंग डायरेक्टरला तुमचे नाव लक्षात राहिले, तर कधीतरी मुख्य पात्राच्या व्हॉइस टेस्टला बोलावणे येते. शाळा म्हणतात ती हीच, दुसरी नाही.

रेकॉर्डिंगच्या बूथमध्ये चित्र आधीच तयार असते. पडद्यावरचे पात्र जपानी किंवा इंग्रजी बोलत असते, कोपऱ्यात टाइमकोड, म्हणजे सेकंदांचे आकडे, पळत असतो, हेडफोनमध्ये मूळ आवाज, समोर स्टँडवर संवादांचे कागद. पात्राचे ओठ उघडतील तेव्हा तुमचे उघडले पाहिजेत आणि मिटायच्या आत वाक्य संपले पाहिजे. ‘मी तुला आधीच सांगितलं होतं ना’ बसत नसेल तर तिथल्या तिथे ‘बोललो होतो!’ करायचे, तेही त्याच रागात. पूर्वी सगळे कलाकार एका माइकभोवती उभे राहून सीन काढत. आता प्रत्येक जण आपल्या वेळेला येतो आणि आपला ट्रॅक देऊन जातो. समोर नसलेल्या माणसाशी भांडायचे, नसलेल्या मित्राच्या गळ्यात पडायचे. शब्द नसलेले काम तर वेगळेच: धावताना लागलेली धाप, बुक्की बसल्यावरचा हुंदका, पाण्यातल्या गटांगळ्या. याला एफर्ट्स म्हणतात आणि गळ्याची वाट लावतात ते हेच. अनुभवी माणसे आरडाओरडा शेवटी ठेवायला सांगतात. नवी पोरे संकोचून गप्प बसतात आणि दुसऱ्या दिवशी बसलेला घसा घेऊन ऑडिशनला जातात.

हे झाले डबिंगचे. मूळ अ‍ॅनिमेशन घडवताना बहुधा क्रम उलटा असतो. आवाज आधी रेकॉर्ड होतो आणि तो ऐकत अ‍ॅनिमेटर ओठ, भुवया, खांद्याची उडी काढतो. म्हणजे पात्र कुठे थबकेल, कुठे गडबडेल हे आधी बूथमधल्या माणसाने ठरवलेले असते आणि चित्र त्याच्या मागून येते. तरीही ‘पात्र आमचे, आवाज भाड्याचा’ ही वृत्ती जात नाही.

कार्टूनमधल्या बहुतेक मुलग्यांचे आवाज बायकांचे असतात, हे अजूनही अनेकांना सांगितले तर खरे वाटत नाही. कारण सरळ आहे. मुलाचा आवाज बारा-चौदाव्या वर्षी फुटतो आणि मालिका पंधरा-पंधरा वर्षे चालते. अमेरिकन कार्टूनमधला बार्ट सिम्प्सन १९८७ पासून नॅन्सी कार्टराइट बोलते. ‘ड्रॅगन बॉल’मधल्या गोकूचा जपानी आवाज १९८६ पासून मासाको नोझावा यांचा, ज्यांचा जन्म १९३६ चा. जपानी डोरेमॉन १९७९ ते २००५ नोबुयो ओयामा यांनी सांभाळला. आपल्याकडे हिंदी डोरेमॉन आणि छोटा भीम ही दोन्ही पात्रे बरीच वर्षे सोनल कौशल यांच्या गळ्यात होती, आणि हिंदी निंजा हातोरी मेघना एरंडे यांच्या.

एरंडे हे आडनाव वाचून थांबा जरा. २०२५ साली पहिलीपासूनच्या हिंदीवरून महाराष्ट्रभर रान पेटले होते. ठाण्यातही सभा झाल्या, सह्या झाल्या, आणि जूनअखेर सरकारने दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. बरे झाले, मीही त्याच बाजूची होते. पण आपली मुले पहिलीत जायच्या चार वर्षे आधीपासून हिंदी ऐकतात, जेवणाच्या ताटासमोर, आणि ती हिंदी कित्येकदा मराठी माणसाच्या गळ्यातून आलेली असते. ज्या बाईचा आवाज पोराच्या कानात आजीपेक्षा जास्त वेळ असतो तिचे नाव घरात कुणाला माहीत नसते. भाषेची काळजी करणाऱ्या घरातही नसते.

यावर कुणी म्हणेल, वरची नावे तुम्हाला ठाऊक आहेतच की. आहेत, पण ती चॅनेलने सांगितलेली नाहीत. एपिसोड संपतो न संपतो तोच पडदा आक्रसतो, पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात सुरू होते आणि बाजूच्या पट्टीत नावे डोळ्यांना न पकडता येणाऱ्या वेगाने सरकतात. त्यांत आवाजाची असतीलच याचीही खात्री नाही. काही ओटीटीवर डबिंगच्या कलाकारांची पाटी शेवटी लागते, हे मान्य केले पाहिजे. पण तिथेही पुढचा भाग आपोआप सुरू होतो. लोकांना नावे कळली ती कलाकारांनी यूट्यूबवर, इन्स्टाग्रामवर स्वतःचा चेहरा दाखवून, ‘तो आवाज माझा’ असे सांगितल्यामुळे. आपल्याच कामावर आपणच नाव टाकत फिरायचे, तेही फुकट.

आणि नावाला किंमत असते हे या धंद्याला कळत नाही असे अजिबात नाही. १९९३ साली दूरदर्शनवर मोगली आला तेव्हा शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा, हे आमच्या पिढीला आजही पाठ आहे. बाकीच्या पात्रांचे आवाज कुणाचे, विचारून बघा. २०१९ च्या ‘द लायन किंग’ची हिंदी जाहिरातच शाहरुख खान आणि त्याच्या मुलाच्या नावावर चालली, टिमॉनला श्रेयस तळपदे होता, तेही सांगितले गेले. म्हणजे नाव आधीच विकले जात असेल तर ते पोस्टरवर, नाहीतर पट्टीतही नाही.

या बाबतीत अमेरिकेतल्या दोन आयुष्यांची तुलना मला नेहमी करावीशी वाटते. १९३७ च्या स्नो व्हाइटला आवाज दिला एड्रियाना कॅसलॉटी हिने. मानधन ९७० डॉलर, पडद्यावर नाव नाही. पुढे तिला रेडिओवर बोलवायचे होते, पण तो आवाज दुसरीकडे ऐकू आला तर जादू जाईल म्हणून डिस्नेने नकार दिला, असे सांगतात. एकविशीत जगभर पोचलेला आवाज आणि त्यानंतर कारकीर्द अशी जवळजवळ नाहीच. दुसरा मेल ब्लँक, बग्ज बनी आणि डॅफी डकचा आवाज. त्याने पगारवाढ मागितली, निर्मात्याने नाही म्हटले. मग निदान नाव तरी द्या, यावर तडजोड झाली. १९४० च्या दशकात त्याच्या नावाची पाटी कार्टूनच्या सुरुवातीला दिसू लागली, रेडिओची कामे वाढली आणि १९४६ मध्ये त्याच्या स्वतःच्या नावाचा रेडिओ कार्यक्रम आला. निर्मात्याच्या लेखी तो स्वतः काहीच न देता सुटला होता.

अर्थात न्याय तिथेही अर्धाच झाला. पाटी एकट्या ब्लँकची, आणि त्याच कार्टूनमधल्या एल्मर फडला आवाज देणारा आर्थर ब्रायन वर्षानुवर्षे बिननावाचाच राहिला. म्हणून नावाचा प्रश्न एकेकट्याच्या घासाघिशीवर सोडता येत नाही. तो नियमाचा हवा.

आता आपल्या कायद्याकडे येऊ. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि परफॉर्मरच्या, म्हणजे सादरीकरण करणाऱ्या कलाकाराच्या, हक्कांची कलमे भक्कम झाली. परफॉर्मरचा हक्क पन्नास वर्षे टिकतो. कलम ३८-ए प्रमाणे, चित्रपटासाठी लेखी संमती दिली की निर्मात्याच्या वापराला एरवी हरकत घेता येत नाही, तरी सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क राहतो. कलम ३८-बी प्रमाणे, आपण हे सादरीकरण केले अशी ओळख मागण्याचा हक्क आहे. इथवर ऐकून वाटेल, मग रडता कशाला?

मेख व्याख्येत आहे. परफॉर्मर कोण हे सांगताना कायद्याने एक अपवाद जोडला आहे. चित्रपटातले ज्याचे काम किरकोळ किंवा आनुषंगिक आहे आणि व्यवसायाच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीसह कुठेच दिले जात नाही, तो परफॉर्मर धरला जाणार नाही. कामाची विटंबना झाली तर दाद मागण्याचा हक्क तेवढा त्याला उरतो. दोन्ही अटी एकत्र लागू व्हाव्या लागतात, हे खरे. मुख्य पात्राच्या आवाजाला कुणी किरकोळ म्हणू शकणार नाही. पण दुकानदार, पोलीस आणि दुसऱ्या मुलाची आई? एकाच भागात सहा-सहा छोटी पात्रे बोलणारा माणूस? त्याचे काम किरकोळ ठरवायला कितीसा वेळ लागतो! आणि दुसरी अट तर पूर्णपणे धंद्याच्या हातात आहे. नाव न देण्याचा पायंडा आपणच पाडायचा आणि मग तो पायंडा आहे म्हणून माणूस परफॉर्मरच नाही म्हणायचे. कायदे करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गर्दीतले एक्स्ट्रा असावेत. फटका बूथमधल्या माणसालाही बसू शकतो.

यंत्राच्या आवाजाने हे सगळे तातडीचे झाले आहे. २०२४ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयने नक्कल करणाऱ्यांना रोखले. पुढच्या वर्षी आशा भोसले यांनाही तसेच संरक्षण मिळाले. दोन्ही आदेश स्वागतार्ह. पण ते उभे आहेत प्रसिद्धीवर: या आवाजाला लोक ओळखतात, त्या ओळखीला बाजारात मोल आहे आणि ते दुसऱ्याने लुबाडू नये. ज्याचा आवाज सगळे ओळखतात पण नाव कुणीच ओळखत नाही, त्याने न्यायालयात काय दाखवायचे? पात्र निर्मात्याचे, नाव पडद्यावर नाही, सही विश्वभराची. म्हणजे कायद्याच्या दोन्ही दारांवर तोच प्रश्न विचारला जातो, तुमचे नाव कुठे आहे?

त्यात कार्टूनचे कलाकार या यंत्राला फारच सोयीचे. आवाजाची नक्कल शिकवायला काय लागते? एकट्याचा स्वच्छ ट्रॅक, मागे संगीत नाही, दुसऱ्याचा आवाज मिसळलेला नाही, आणि सोबत तो संवाद लिहिलेला कागद. हसणे, रडणे, ओरडणे, कुजबुजणे, सगळ्या भावना वर्षानुवर्षे. डबिंगच्या स्टुडिओत हेच साठलेले असते. दहा वर्षांपूर्वी ‘सर्व माध्यमांत’वर सही करणाऱ्याने यालाही होकार दिला होता, असे म्हणणे मला सरळ अप्रामाणिकपणाचे वाटते. जे माध्यम तेव्हा त्याच्या कल्पनेतही नव्हते त्याला संमती कसली? अमेरिकेत व्हिडिओ गेमला आवाज देणाऱ्यांनी २०२४ च्या जुलैत संप पुकारला तो मुख्यतः याच मुद्द्यावर, आणि तो जवळजवळ वर्षभर चालला. त्यांच्यामागे सॅग-आफ्ट्रासारखी दांडगी संघटना होती. आपल्याकडे संघटना आहेत, पण कामाला नाही म्हणायची ताकद कितीजणांत आहे? एका मैत्रिणीला अशा कलमाबद्दल विचारल्यावर स्टुडिओने उत्तर दिले, ‘मॅडम, सगळे करतात साइन.’ तिनेही केली. पेमेंट तीन महिन्यांनी आले.

माझ्या विरोधात बोलणाऱ्यांचा एक मुद्दा मला हलका वाटतो आणि एक जड. हलका असा की मुलांना पात्र खरे वाटू द्या, मागचा माणूस दाखवून जादू घालवू नका. बालनाट्याला मुलांना घेऊन गेलेल्या कुणालाही विचारा. ‘अलबत्या गलबत्या’मधली चेटकीण वैभव मांगले करत, तेव्हा हे पोरांना प्रयोगाआधीच माहीत असे. तरी ती पहिल्या रांगेत आईला बिलगत आणि प्रयोग संपल्यावर त्याच चेटकिणीबरोबर फोटो काढायला धावत. मुलांना दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानता येतात.

जड मुद्दा मराठीचा. दक्षिणेत सन समूहाने २००७ पासून पुढच्या काही वर्षांत तमिळ, कन्नड, तेलुगू, मल्याळम अशा चारही भाषांत मुलांची स्वतंत्र चॅनेल काढली: चुट्टी, चिंटू, खुशी, कोचू. मराठीत असे चॅनेल मुंबईने काढले नाही. २०२१ मध्ये ईटीव्ही बाल भारत बारा भाषांत आले, त्यांत मराठी होती, आणि ते आले हैदराबादहून! आमच्याकडे हिंदी कळते, म्हणून मराठी डबवर खर्च नको, हे गणित पहिल्यापासून. मग यंत्र जर कवडीमोलाने तेच कार्टून मराठीत बोलणार असेल, तर अभिजात दर्जा मिळालेल्या भाषेने नाक का मुरडावे? निदान पोरांच्या कानावर मराठी तर पडेल.

हा मोह मला कळतो. यंत्राला मराठी नीट येणार नाही, असा वाद मी घालणार नाही. आज अडखळते, उद्या येईल, अगदी ठाण्यातल्या बाळकुमची आगरी बोलीसुद्धा येईल. तरी ते कुणाच्या गळ्यावर शिकले हा प्रश्न तसाच राहतो. आणि दुसरे असे की कमी बजेटची भाषा आणि छोटी पात्रे हीच या धंद्याची पहिली पायरी आहे. यंत्र आधी तिथेच येणार, कारण वाचणारे पैसे तिथे लगेच दिसतात. क्राउड गेला, दुकानदार गेला, मराठी आवृत्ती गेली, की नौपाड्यातली एकांकिका करणारी मुलगी मुख्य पात्राच्या व्हॉइस टेस्टपर्यंत पोचणार कुठून? मराठीत कार्टून आले आणि त्यात एकही मराठी माणूस बोलत नाही, याला भाषेचा विजय म्हणायचे असेल तर म्हणा बापडे.

रॉयल्टीचा आग्रह मी आज धरत नाही. छोट्या मराठी डबमधून रॉयल्टी ती काय निघणार, आणि त्या भीतीने होणारे कामही थांबेल. परवानगीचे कलम वेगळे हवे, वेगळ्या सहीचे. आवाज यंत्राला द्यायचा की नाही, कुठल्या कामासाठी, किती काळ, किती पैशांत, हे मूळ कामाच्या करारात गुंडाळून टाकता येणार नाही असे ठरवायला संसदेची वाटही बघावी लागत नाही.

राज्य मंत्रिमंडळाने २०२५ च्या सप्टेंबरात अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग, कॉमिक्स आणि एक्सआर (आभासी वास्तवाची तंत्रे) यांसाठीचे धोरण मंजूर केले. सरकारी सवलत घेणाऱ्यावर अट घालण्याचा सरकारला पुरेपूर अधिकार असतो. या धोरणाखाली पैसे किंवा सूट घेणाऱ्या प्रत्येक अ‍ॅनिमेशन आणि डबिंगच्या कामात क्राउडपासून मुख्य पात्रापर्यंत सगळ्या आवाजांची नावे असावीत, पूर्ण पडद्यावर, वाचता येतील इतका वेळ. आवाजाच्या पुनर्वापराचा करार स्वतंत्र कागदावर असावा आणि त्याची एक प्रत कलाकाराच्या हातात असावी. मराठी चित्रपटांना अनुदान देताना चित्रपट पाहून दर्जा ठरवणारी समिती असतेच. इथे तर दर्जा ठरवायचाही प्रश्न नाही. शेवटची पाटी बघायची, कागद बघायचा, आणि दोन्ही असतील तरच पैसे सोडायचे.